गर्भनिरोधकांबाबत बायकांना वाटणाऱ्या अडचणी कशा मोजाव्यात

"साधन का वापरत नाही?" असं थेट विचारलं की "तसंच" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विधानं वाचून दाखवा: "तांबीनं अंगावरून जास्त जातं", "सासूबाईंना चालणार नाही". 'अजिबात पटत नाही'ला 1 गुण, 'पूर्ण पटतं'ला 5. एका विधानात एकच गोष्ट. "दवाखाना लांब आहे आणि मालक (नवरा) सोडत नाहीत" ही दोन झाली. "गोळ्या गावातच मिळतात" अशा उलट विधानाचे (पटलं तर अडचण कमी) गुण 6 मधून वजा करा. हे हमखास विसरतं.

आधी 20-30 जणींवर चाचणी घ्या, त्यांना मुख्य पाहणीत धरू नका. प्रश्न आशाताईंनी विचारू नयेत: गोळ्या त्याच देतात, मग तक्रार कोण करणार? सासू सोप्यात (ओसरीवर) बसली असेल तर मुलाखत पुढं ढकला. कराड-वाळव्याकडं ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या बायकांचा हिशेब वेगळा ठेवा. सगळ्या गुणांची नुसती बेरीज फसवते. भीती, घरचा विरोध, अंतर यांची सरासरी वेगवेगळी काढा.