केस काढताना त्वचा कशी जपावी

चतुर्थी किंवा लग्नसराई जवळ आली की म्हापसा-मडगावच्या पार्लरांत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि त्या घाईत त्वचेची हेळसांड होते. वस्तरा असो वा वॅक्स, केसाबरोबर त्वचेलाही सूक्ष्म जखमा होतात. त्यांतून स्टॅफिलोकोकस जिवाणू केसांच्या मुळाशी शिरले की केसतोड उठतात. गोव्याच्या दमट हवेत, घामात आणि घट्ट कपड्यांत हा त्रास अधिकच वाढतो. म्हणून वॅक्सिंगनंतर निदान दोन दिवस समुद्रात किंवा तरणतलावात उतरू नये आणि सैल सुती कपडे घालावेत.

पार्लरमध्ये वॅक्सच्या भांड्याकडे नीट पाहावे. त्यात आधीच्या कोणाचे केस तरंगत असतील, किंवा अंगाला लावलेली पट्टी पुन्हा त्याच भांड्यात बुडवली जात असेल, तर भीड न बाळगता उठावे. वॅक्स किती गरम आहे, हे आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून पाहावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा रेटिनॉइड मलम चालू असेल, तर त्वचा नाजूक होऊन वॅक्सबरोबर तिचे साल निघू शकते. अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वॅक्सिंग करू नये.

वस्तरा स्वतःचाच वापरावा, कारण रक्ताचा अंश राहिलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. केस काढण्याच्या क्रीममधील थायोग्लायकोलेट हे रसायन केसांतील केराटिन हे प्रथिन विरघळवते, आणि केराटिन त्वचेतही असते. म्हणून आदल्या दिवशी छोट्या भागावर चाचणी घ्यावी आणि वेष्टनावरील वेळ ओलांडू नये.

लेसरबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन की तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावा. केसांप्रमाणेच सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे यंत्राची निवड चुकली तर भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. आपल्या वर्णाला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित ठरतो. लेसरपूर्वी बधिर करणारे लिडोकेन मलम पायभर फासून वर प्लॅस्टिक गुंडाळणे तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेत अशाच प्रकारे दोन तरुणी दगावल्यानंतर 2007 साली तेथील औषध नियामकाने जाहीर इशारा दिला होता.

केसतोड कधीही पिळू नये. लाली पसरू लागली, ताप आला, पू झाला किंवा मधुमेह असताना जखम चिघळली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे.