सुपरहिरो कॉमिकवरून मालिका लिहिताना

सांगली-साताऱ्याकडे राहून एखाद्या सुपरहिरो कॉमिकवरून मालिका लिहिण्याचे मनात असेल, तर पटकथेची पहिली ओळ लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. या नायकापुढे असा कोणता पेच आहे, की जो अनेक भाग चालला तरी सुटणार नाही आणि तरीही शिळा होणार नाही? शक्ती, पोशाख, खलनायक, एवढेच काय नायकाचे नावसुद्धा बदलता येते. पेच बदलला तर मात्र कॉमिकचे काहीच उरत नाही. राग आला की हिरवा, महाकाय हल्क होणाऱ्या माणसाचे ‘हल्क’ हे कॉमिक अमेरिकेत १९७७ साली दूरचित्रवाणीवर आले तेव्हा त्यातल्या ब्रूस बॅनरचा डेव्हिड बॅनर झाला आणि कॉमिकमधले खलनायक जवळजवळ सगळे गळाले. पण रागाच्या भरात आपला आपल्यावरचा ताबा सुटेल ही त्या माणसाची भीती लेखकांनी जशीच्या तशी ठेवली आणि तिच्या बळावर मालिका १९८२पर्यंत चालली. म्हणून कॉमिक पुरते वाचून झाल्यावर ते मिटून ठेवावे आणि हा पेच दोन वाक्यांत लिहून काढावा. दोन वाक्यांत तो मावत नसेल, तर पुन्हा वाचावे.

त्यानंतर लगेच हक्कांचे काम हाती घ्यावे. कॉमिक बहुधा एकट्याचे नसते. शब्द लेखकाचे, चित्रे चित्रकाराची आणि हक्क कधी प्रकाशकाकडे गेलेले असतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांना साहित्यकृती म्हणून आणि चित्रांना कलाकृती म्हणून स्वतंत्र संरक्षण आहे आणि ते निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकते. याच कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास तो संपुष्टात येतो. मालिका उभी राहायला वर्षाहून अधिक काळ सहज लागतो, त्यामुळे ही अट वकिलाकडून स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी. चित्रकार आपल्याच गावचा असेल आणि “घ्या की, आपलंच आहे” असे म्हणाला, तरी कागद करावाच, कारण त्यात त्याच्या कामाचा मान आहे.

आता खरे लेखन. कॉमिकच्या एका चौकटीत मूठ उगारलेली असते आणि पुढच्या चौकटीत खलनायक भिंतीपाशी पडलेला असतो. मधला ठोसा वाचकाने मनात पाहिलेला असतो. कॅमेऱ्यासमोर ही मधली जागा आपोआप भरत नाही. ती दाखवायची, आवाजावर भागवायची की केवळ परिणाम दाखवायचा, हे लेखकाला ठरवावे लागते आणि त्या निर्णयावर खर्चही ठरतो. प्रत्येक पानावर पेन्सिलीने अशा खुणा केल्या, तर कोणत्या चार प्रसंगांवर पैसा ओतायचा आणि कोणते प्रसंग दाराआडच्या आवाजावर निभावतील, हे पटकथेआधीच कळते. हल्कसुद्धा साधारणपणे एका भागात दोनदाच प्रकट होत असे आणि प्रेक्षक त्या दोन वेळांची वाट पाहत असत.

विचारांचे फुगे आणि चौकटीवरचे निवेदन यांचे काय करायचे, हा त्याहून अवघड भाग आहे. ते सगळे पार्श्वनिवेदनात टाकणे सोपे असते, पण चार भागांतच त्याचा भार होतो. नायकाजवळ असे एक माणूस ठेवावे, ज्याच्याशी तो खरे बोलू शकेल किंवा ज्याच्याशी खोटे बोलताना त्याचा चेहरा फसेल. निवेदक हवाच असेल, तर सांगलीत त्याची जुनी परंपरा आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा पदे गाऊन कथा पुढे नेण्याचे काम सूत्रधाराकडे होते आणि पात्रे त्या आधारावर बोलत. देव-राक्षसांचे अचाट बळ संगणकाशिवाय रंगमंचावर पटवून देता येत होते, ही गोष्ट सुपरहिरो लिहिणाऱ्याने मनात पक्की धरावी.

कथा आपल्या भागात आणायची असेल, तर सर्वाधिक वेळ नायकाच्या लपलेल्या ओळखीवर द्यावा. महानगरात डोळ्यांवरची पट्टी पुरते. मिरजेत, कराडात किंवा वाईत ती पुरत नाही. इथे माणूस चालीवरून ओळखतात, मोटारसायकलच्या आवाजावरून ओळखतात आणि “कुणाचा रे तू?” हा प्रश्न मुखवट्यालाही विचारतील. हा अडथळा टाळू नये, त्यावरच मालिका उभारावी. १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले भूमिगत कार्यकर्ते तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात राहू शकले, ते गावोगावच्या लोकांनी आसरा दिला म्हणून. सगळ्या गल्लीला नायक कोण ते ठाऊक आहे आणि कुणीच ते बोलत नाही, ही मांडणी मला एकट्याने जपलेल्या गुपितापेक्षा कितीतरी समर्थ वाटते. त्यात एक जण फुटला तर काय होईल, हा धागा संपूर्ण पर्वाला पुरतो.

मारामारीही इथल्या मातीतली असावी. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, ते कराडजवळच्या गोळेश्वरचे. या पट्ट्यात तालमी आहेत आणि अंगात कसब असलेले मल्ल आहेत. तारांवर लटकून केलेल्या उड्यांची नक्कल करण्यापेक्षा धोबीपछाड किंवा ढाक या कुस्तीतल्या डावांवर बेतलेली झुंज कमी खर्चात अधिक खरी दिसते. अर्थात साहसदृश्ये अनुभवी संचालकाच्या देखरेखीखालीच करावीत. प्रसंग लिहिताना पिकाचेही भान ठेवावे. कृष्णाकाठच्या उभ्या उसातला पाठलाग पडद्यावर देखणा दिसेल, पण गळीत हंगाम सुरू होऊन तोडणी झाली की ते रान मोकळे होते आणि राहिलेला एखादा शॉट पुन्हा घेता येत नाही.

भागांचा शेवट कुठे करायचा, हे वाहिनीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. १९६६ साली एबीसी वाहिनीवर ‘बॅटमॅन’ आठवड्यातून दोनदा लागे, म्हणून पहिल्या रात्री नायक संकटात सापडे आणि दुसऱ्या रात्री सुटे. रोजच्या मालिकेत दररोज जिवावरचे संकट आणले, तर प्रेक्षकाला भीती वाटेनाशी होते. तिथे शेवट नात्यातल्या प्रश्नावर करावा. आठ-दहा भागांच्या वेब मालिकेत मात्र पर्वाचा शेवट आधी लिहून त्याकडे मागून यावे.

पहिला भाग लिहून झाला की निर्मात्याकडे पाठवण्यापूर्वी नाटकातल्या चार-पाच नटांना बसवून त्याचे वाचन करावे. कॉमिक न वाचलेली माणसे ऐकायला बोलवावीत आणि त्यांना एकही चित्र दाखवू नये. ज्या ठिकाणी ऐकणारा “म्हणजे नेमकं काय झालं?” असे विचारतो, तिथे पटकथा अजून चित्राच्या आधारावर उभी आहे असे समजावे. तेवढी पाने पुन्हा लिहावीत, पटकथेची नोंदणी करावी आणि मग ती पेचाच्या त्या दोन वाक्यांसह निर्मात्याकडे पाठवावी.