पुण्यात राहून डीएनए रिपेअर आणि कॅन्सरवर रिसर्च करायचाय? मग हे आधी करा
एमएस्सी चालू असतानाच लॅब शोधायला लागा. पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस हे पेशींवर संशोधन करणारं केंद्र, तिथल्या लोकांचे पेपर आधी वाचा आणि मगच मेल टाका, त्यात त्यांच्या कुठल्या प्रयोगाबद्दल काय प्रश्न पडला ते लिहा, नुसतं 'मला इंटरेस्ट आहे' कोण वाचणार. नेट-जेआरएफ या रिसर्च फेलोशिपच्या परीक्षेची तयारी सोबतच.

विषय मात्र मुळातून समजून घ्या. बीआरसीए हा डीएनए दुरुस्तीचा जीन बिघडलेल्या पेशीला डीएनएचे दोन्ही धागे तुटले की नीट जोडता येत नाहीत, त्यात पार्प हे डीएनए दुरुस्तीतलंच दुसरं एन्झाइम औषधाने अडवलं की कॅन्सरची पेशी मरते आणि नॉर्मल पेशी बऱ्यापैकी तगते. लॅबमध्ये हे दिसलं २००५ ला, पार्प अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०१४ ला. नऊ वर्षं! एवढा धीर लागतो.

हाताने शिकायचं तर डीएनए किती तुटलाय ते दाखवणाऱ्या कॉमेट अ‍ॅसेपासून सुरुवात करा. ॲगारोजच्या जेलमध्ये पेशी, मग करंट, आणि मायक्रोस्कोपखाली तुटलेल्या डीएनएची धूमकेतूसारखी शेपटी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा आयपीसवरून डोळा हलवला नव्हता. स्लाइड्स मंद उजेडात हाताळा, प्रखर उजेडाने डीएनए आणखी तुटू शकतो, आणि तुलनेसाठी कंट्रोल स्लाइड दर वेळी ठेवाच.