रिकामी खाच आणि सात पेड: पोळ्याच्या गोफासाठी घरगुती चकती

पोळा जवळ आला की खानदेशातल्या आठवडे बाजारांत माथोट्या (बैलाच्या कपाळावर बांधायच्या दोऱ्या), गोंडे, घुंगरमाळा टांगलेल्या दिसतात. अहिराणीत ज्याला पोया म्हणतात त्या सणाच्या या साजातली नुसती शोभेची गोल दोरी, म्हणजे गोफ, घरी विणता येते. त्यासाठी मागसुद्धा घरचाच: जुन्या स्लीपरचा तळ, त्याला मधोमध भोक आणि कडेला आठ खाचा.

तिपेडी वेणी कुणालाही येते, पण तिची दोरी चपटी होते. गोल, भरीव दोरी हवी असेल तर पेड वाढवावे लागतात आणि सात पेड बोटांत धरून ठेवणं कठीण जातं. चकती ते पेड धरते. जपानमध्ये दोऱ्या विणण्याच्या कलेला कुमिहिमो म्हणतात. तिथे मारुदाई नावाच्या गोल स्टुलावर, वजनदार रिळांना धागे गुंडाळून हे काम चालतं. किमोनोच्या पट्ट्यावरून बांधायची ओबिजिमे ही दोरी अशीच विणतात, सामुराईंच्या चिलखतांच्या दोऱ्याही अशाच विणल्या जात. खाचांची चकती म्हणजे त्या स्टुलाची पिशवीत मावणारी धाकटी बहीण.

चकती

स्लीपरचा तळ यासाठी सगळ्यांत चांगला, कारण तो दबतो आणि धागा घट्ट धरतो. त्यातून ९ सेंमी व्यासाची चकती सहज निघते. जाड दोरीसाठी १५ सेंमीची चकती हवी, ती केळीच्या किंवा किराणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची करा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवताना एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. दोन्हींच्या नळ्या एकाच दिशेला राहिल्या तर विणताना चकती त्या रेषेवर दुमडते. एकेरी पुठ्ठा तर घेऊच नका, अर्ध्या राखीतच खाचा फाटतात.

खाचा समान अंतरावर आणायला कोनमापक लागत नाही. चकतीएवढा गोल कागद कापा आणि तीनदा अर्धा-अर्धा दुमडा. उघडल्यावर घड्या आठ ठिकाणी कडेला मिळालेल्या दिसतील. कागद चकतीवर ठेवून त्या आठ खुणा पेनने उतरवा. प्रत्येक खुणेवर कटरने १ सेंमी खोल सरळ चीर द्या. लोकरीचा एकेरी धागा असेल तर चीर पुरते, तीन-चार धाग्यांचा पेड असेल तर तोंडाशी छोटा त्रिकोण कापून चीर रुंद करा. मधलं भोक दोरीपेक्षा थोडं मोठं हवं. राखी-करदोड्याला १.५ सेंमी पुरतं, माथोटीला २ ते २.५ सेंमी लागतं.

आता खाचांना घड्याळाच्या दिशेने १ ते ८ आकडे घाला आणि चकतीवर त्याच दिशेचा बाण काढा. बाण कशाला, ते पुढे कळेल. तो गाळू नका.

धागा किती लागतो

विणताना धागा वळसे घेतो, म्हणून दोरीपेक्षा तो बराच लांब लागतो. किती, हे धाग्याच्या जाडीवर आणि तुमच्या हाताच्या ताणावर ठरतं. त्यामुळे आधी चाचणी करा. त्याच धाग्याचे ५०-५० सेंमीचे सात तुकडे घेऊन शेवटपर्यंत विणा. विणलेला भाग मोजा, उरलेली शेपटं मोजा, आणि १ सेंमी दोरीला किती धागा गेला ते काढा. साध्या लोकरीला सुरुवातीला दुप्पट धरून चाला, जाड पेडाला अडीचपट.

समजा माथोटी ९० सेंमीची हवी आणि दोन्ही टोकांना १२-१२ सेंमी सुटे धागे ठेवायचेत. दुपटीच्या हिशेबाने दोरीला १८० सेंमी, टोकांना २४, आणि शेवटी चकतीवर अडकून राहणारे, विणता न येणारे साधारण १५. बेरीज २१९, म्हणजे २२५ सेंमी कापा. सात पेडांना १५ मीटर ७५ सेंमी झाले. प्रत्येक पेड चार धाग्यांचा असेल तर त्याच्या चौपट, म्हणजे दुपटीच्याच हिशेबाने ६३ मीटर; अडीचपट धरलं तर त्याहून जास्त. एकाच रंगाची लोकर असेल तर एकाच वेळी घ्या. दुसऱ्या खेपेला आणलेल्या गुंड्याची छटा हमखास थोडी वेगळी निघते, आणि गोफात ती लगेच कळते.

पोळा पावसाळ्यात येतो, म्हणून रंगाचं बघून घ्या. लाल आणि गर्द निळ्या सुताचा एक तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला तर ते सूत पिवळ्या-पांढऱ्यासोबत विणू नका. पांढऱ्या बैलाच्या कपाळावर गुलाबी ओघळ आले की सगळी मेहनत वाया.

विणणं

सात पेड एकत्र धरून टोकाला गाठ मारा. गाठ भोकातून खाली सोडा आणि पेड वर पसरा. १ नंबरची खाच रिकामी ठेवून २ ते ८ मध्ये एकेक पेड बसवा. गाठीला वजन टांगा. जुन्या नट-बोल्टांची पुरचुंडी चालते, साध्या लोकरीला ५० ते १०० ग्रॅम, माथोटीला त्याहून जास्त. लांब पेड पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांवर गुंडाळून, कपड्यांच्या चिमट्याने अडकवून ठेवा. मोकळे सोडले तर खाली त्यांची गुंतवळ होते आणि विणण्यापेक्षा सोडवण्यातच संध्याकाळ जाते.

चाल एकच आहे. रिकाम्या खाचेपासून बाणाच्या दिशेने मोजा: एक, दोन, तीन. तिसरा पेड उचला, आधीचे दोन ओलांडून रिकाम्या खाचेत बसवा. ज्या खाचेतून तो उचलला ती आता रिकामी झाली. चकती फिरवून ती आपल्याकडे घ्या आणि पुन्हा तीन मोजा. झालं.

म्हणजे पहिल्यांदा ४ मधला पेड १ मध्ये येतो, मग ७ मधला ४ मध्ये, मग २ मधला ७ मध्ये. रिकामी खाच १, ४, ७, २, ५, ८, ३, ६ अशी फिरते आणि आठव्या चालीला पुन्हा १ वर येते. सुरुवातीला हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. आठ चालींनंतर रिकामी खाच १ वर नसेल तर मधे कुठेतरी मोजणी चुकली. पंधरा-वीस मिनिटांत आकड्यांची गरज उरत नाही, हात आपोआप तिसऱ्यावर जातो.

प्रत्येक पेड बसवताना खाचेतून किंचित ओढून घ्या, सगळे सारख्याच जोराने. वेगाने काही मिळत नाही, गोफाची सफाई सगळी या सारख्या ओढण्यात आहे. वीण भोकाच्या बरोबर मध्यावर आणि चकतीच्या पातळीला पडली पाहिजे. ती वर चढू लागली तर वजन कमी पडतंय. एका बाजूला सरकली तर त्या बाजूचे पेड जास्त ताणले गेलेत. पहिला एक-दीड सेंमी वेडावाकडाच येतो, तो शेवटी गोंड्यात झाकला जातो. त्यावरून निराश होऊन उसवू नका.

एकच पेड वेगळ्या रंगाचा घेतला तर तो गोफाभोवती फिरत जाणारी ठिपक्यांची रेघ काढतो. शिकताना हेच करा, कारण ती रेघ तुटली की चूक कुठे झाली ते लगेच दिसतं. सगळे पेड एका रंगाचे असतील तर चूक लपते आणि दोरी बैलाच्या कपाळावर चढल्यावरच डोळ्यांत खुपते.

काय बिघडतं

सगळ्यांत मोठी फसगत बाणाची. चहा प्यायला उठलात आणि परत येऊन उलट्या बाजूने तीन मोजले, तर विणण्याऐवजी तुम्ही चक्क उसवत जाता. कारण रिकाम्या खाचेच्या उलट बाजूचा तिसरा पेड म्हणजे नुकताच हलवलेला पेड. दोरी लांब होत नाही, उलट वरून सैल होते, आणि कारण कळत नाही. पण हीच गोष्ट चूक दुरुस्तीला उपयोगी पडते. मोजणी चुकली की उलट बाजूने एकेक पेड परत ठेवत चुकीच्या जागेपर्यंत मागे या. चकतीवरून सगळं काढून नव्याने मांडायची गरज नाही. मात्र चुकीच्या चालीपाशी तिसऱ्याऐवजी जो पेड उचलला होता तोच परत ठेवायचा, म्हणून त्या ठिकाणी जपून.

गोफ सापासारखा वळत असेल तर एखादा पेड इतरांपेक्षा बारीक आहे. चार धाग्यांच्या पेडातला एक धागा तुटून मागे राहिलेला असतो. पोकळ, दाबल्यावर चपटा होणारा गोफ म्हणजे ताण कमी. मधेच फुगवटा आला तर दोनऐवजी एकच किंवा तीन पेड ओलांडले गेलेत. खाचेतून पेड निसटत असतील तर खाच झिजली, तिथे चिकटपट्टी गुंडाळून नवी चीर द्या.

आठ पेडांची वीण

सात पेडांवर हात बसला की हे करून बघा. कागद चारदा दुमडून १६ खाचांची चकती करा. आठ पेड जोड्यांनी मांडा: वर दोन, खाली दोन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. वरच्या जोडीतला उजवा पेड खाली आणून खालच्या जोडीच्या उजवीकडे ठेवा. खालच्या जोडीतला डावा वर नेऊन वरच्या जोडीच्या डावीकडे ठेवा. चकती पाव वळण फिरवा, तेच पुन्हा. उभ्या जोड्यांचे पेड आपापसांतच अदलाबदल करतात, आडव्यांचे आपापसांत. म्हणून दोन रंग कसे मांडलेत त्यावर नक्षी पूर्ण बदलते. १० सेंमीचे नमुने विणून बघणं हाच उत्तम मार्ग.

यात धोका एकच, पाव वळण विसरून त्याच जोड्या दोनदा हलवण्याचा. म्हणून मधेच थांबायचं असेल तर चाल अर्धी सोडा, म्हणजे खाली तीन पेड आणि वर एकच. परत आल्यावर कुठून सुरू करायचं हे चकतीच सांगते.

टोक, गोंडा आणि बैल

विणून झालं की सगळे पेड एकदम चकतीवरून सोडू नका. आधी भोकाच्या लगत चकतीखालून दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे द्या, गाठ मारा, मग सोडा. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद होतं. सुती आणि लोकरीच्या टोकाला ते चालत नाही, तिथे सुई-दोऱ्याचाच टाका घाला.

गोंड्यासाठी १२ सेंमीच्या पुठ्ठ्यावर लोकरीचे ६० ते ८० वेढे घ्या. वरच्या घडीतून गोफाच्या टोकाचे सुटे धागे ओवून गाठ मारा, खालची घडी कापा, आणि वरून दीड सेंमीवर मान आवळा. वेढे कमी घेतले तर गोंडा झाडूसारखा लटकतो. घुंगरं लावायची तर विणून झाल्यावर सुईने शिवा.

क्रम लावायचा तर आधी राखी विणा. राखीपौर्णिमा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी येते आणि २० सेंमीच्या दोरीत सगळ्या चुका करून होतात. मग करदोडा, मग माथोटी. माथोटीचं माप सुतळीने त्या बैलाच्याच शिंगांवरून घ्या, दोन बैलांची मापं एकच धरू नका. बांधल्यावर खाली चार बोटं सहज गेली पाहिजेत. हा गोफ शोभेचा आहे. कासरा, दावं किंवा मोरखी म्हणून त्यावर ओढ देऊ नका, आणि सुटा बैल तो घालून रात्रभर ठेवू नका. शेजारचा बैल गोंडा चघळतो आणि पोटात गेलेली लोकर महागात पडते. मिरवणूक संपली की उतरवा, ओला असेल तर सावलीत वाळवा. चकतीच्या खाचांत मात्र पेड अडकवून ठेवू नका, वर्षभरात त्या रुंदावतात आणि पुढच्या श्रावणात धागा धरत नाहीत.