अश्वगंधेत उत्परिवर्तन: ईएमएसची मात्रा ते मुळांची तपासणी

उत्परिवर्तन (जनुकांतला बदल) नेमके कुठे घडेल हे आपल्या हातात नसते. मात्रा आणि निवड असते, म्हणून सगळी काळजी तिथेच घ्यायची. मुळांतले विथॅनोलाइड (अश्वगंधेची औषधी द्रव्ये) वाढवायचे असतील तर बियाण्याला इथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजेच ईएमएस, देता येते. हे रसायन कर्करोगकारक आहे. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारे कपाट), नायट्राइल हातमोजे आणि चष्मा नसेल तर बाटली उघडूच नका.

आधी उगवणक्षमता तपासा. मग बी ८ ते १० तास ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा. ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.६ टक्के अशी पाच द्रावणे करा. १०० मिलि बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) ०.४ मिलि ईएमएस म्हणजे ०.४ टक्के. साधे पाणी चालत नाही. ईएमएस पाण्यात फुटून आम्ल होते, सामू घसरतो आणि बी उत्परिवर्तनाविनाच जळते. म्हणून ०.१ मोलर फॉस्फेट बफर, सामू ७, आणि द्रावण प्रत्येक वेळी ताजे. प्रत्येक मात्रेत १०० बिया टाका, २५ अंशांवर ६ तास हळूहळू हलवत ठेवा. तुलनेच्या बिया तेवढाच वेळ नुसत्या बफरमध्ये.

नंतर बी अनेकदा धुवा आणि ओलेच पेरा. वाळवले तर आत उरलेले ईएमएस दाट होऊन इजा वाढते. धुण्याचे पहिले पाणी, उरलेले द्रावण आणि भांडी १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये २४ तास ठेवा.

महिन्याने जगलेली रोपे मोजा. तुलनेच्या गटाच्या मानाने ज्या मात्रेत निम्मी रोपे मरतात ती एलडी ५०. मोठ्या पेरणीसाठी तिच्याहून थोडी कमी मात्रा घ्या.

पहिल्या पिढीत, एम १ मध्ये, निवड करू नका. झाडाची एक फांदी बदललेली, दुसरी मूळचीच असू शकते. फुलांवर पिशव्या बांधा, बी झाडागणिक वेगळे ठेवा. एम २ मध्ये, म्हणजे त्या बियांपासूनच्या पुढच्या पिढीत, प्रत्येक एम १ झाडाची २० ते २५ रोपे तरी हवीत. अप्रभावी गुण (दोन्ही जनुकप्रती बदलल्या तरच दिसणारा) चारात एकदा दिसतो या हिशेबाने ११ रोपेही पुरली असती, पण वर सांगितलेल्या फांद्यांच्या भानगडीमुळे प्रमाण घटते. वाफ्यात पांढरी, पिवळी रोपे अजिबात दिसली नाहीत तर मात्रा बहुधा कमी पडली.

खरी अडचण मुळांची. मूळ तपासायचे म्हणजे झाड उपटायचे, आणि बी गोळा करण्याआधी उपटले तर तो वाण संपला. फळे लाल झाली की आधी ती तोडा, पाकिटावर क्रमांक घाला, तोच क्रमांक मुळाला बांधा. सगळी मुळे एकाच वयाची हवीत, शक्यतो एकाच आठवड्यात काढलेली. ४० अंशांवर वाळवून दळा, एचपीएलसीवर (द्रव्ये वेगळी करून मोजणारे यंत्र) विथॅनोलाइड ए मोजा. पानांवरून अंदाज बांधू नका. तिथे विथाफेरिन ए हे दुसरे विथॅनोलाइड जास्त असते.

दर २० ओळींमागे मूळ वाणाची एक ओळ लावा. ताणामुळेही ही द्रव्ये वाढतात आणि कोरड्या कोपऱ्यातले झाड उगाच सरस वाटते. एम ३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या पिढीत, निवडलेल्या ओळी (एकेका झाडाची संतती) पुनरावृत्तीसह दोन ठिकाणी लावा. तुलना नुसत्या टक्केवारीवर नको: टक्केवारी गुणिले झाडामागे मुळांचे कोरडे वजन, हा आकडा मूळ वाणापेक्षा दोन्ही ठिकाणी वर असेल तरच ओळ पुढे न्या.