खाली माग, वर तीन मॉनिटर

आमच्या घरात टेबल हलतं, कारण खालच्या मजल्यावर मागवाल्या अण्णांचे सहा माग चालतात. सोलापुरात अशोक चौकाच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत तळमजल्यावर यंत्रमाग आणि वर राहती माणसं, अशी घरं अजून बरीच आहेत. आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं जातो आणि त्याचा ठोका भिंतीतून, स्लॅबमधून वर येतो. लहानपणापासून त्यातच झोपलोय, त्यामुळं मला जाग येते ती माग थांबल्यावर. मॉनिटरला मात्र ही सवय नसते. आर्मवर, म्हणजे टेबलाच्या काठाला बसवलेल्या खांबाच्या दुमडत्या हातावर, लावलेला पहिला मॉनिटर बोरीच्या फांदीसारखा थरथरायला लागला, तेव्हा तीन मॉनिटर आर्मवर टांगायचं काम वाटतं तितकं सोपं नाही हे कळलं.

मी टॉवेल आणि चादरींची जेकार्ड, म्हणजे विणीतच उठणारी, डिझाइनं करतो. मधे २७ इंची मॉनिटर, त्यावर डिझाइन. उजवीकडं २४ इंची, उभा, कारण ३० बाय ६० इंचाचा टॉवेल उभाच असतो आणि उभ्या पडद्यावर तो अख्खा दिसतो. डावीकडं जुना २४ इंची, त्यावर ऑर्डरी, सुताच्या रंगांची यादी आणि व्यापाऱ्यांचे मेसेज. तिघांच्या रुंदीची बेरीज कडेच्या पट्ट्या धरून १४७ सेंटिमीटर होते, आणि टेबल चार फुटी, म्हणजे १२२. तिघांचे पाय टेबलावर ठेवले तर सुताची शेडकार्डं पसरायला हातभरसुद्धा जागा उरत नाही. म्हणून आर्म.

पहिल्यांदा मी चूक केली ती टेबलाची. दुकानात मिळतं तसं तयार कॉम्प्युटर टेबल होतं, वरून चकचकीत, आतून भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड. त्याच्या मागच्या काठाला क्लॅम्प, म्हणजे आर्मच्या खांबाचा टेबल धरणारा जबडा, आवळला आणि दोन मॉनिटर टांगले. महिना झाला नसेल, एक दिवस मॉनिटर मान टाकल्यासारखे पुढं झुकलेले दिसले. खाली वाकून बघितलं तर क्लॅम्पची खालची चकती बोर्डात अर्धा सेंटिमीटर रुतली होती आणि कडेनं बिस्किटासारखा चुरा पडत होता. वेळेवर बघितलं म्हणून वाचलो.

यामागचा हिशोब एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. पहारीनं दगड उचकटतो तसंच हे. चार किलोचा मॉनिटर खांबापासून ५० सेंटिमीटर पुढं ओढला, आणि क्लॅम्पचा जबडा टेबलावर ८ सेंटिमीटर आत बसलाय असं धरा. ५० गुणिले ४ म्हणजे २००, भागिले ८ म्हणजे २५. चार किलोच्या वस्तूसाठी टेबलाची तेवढीशी कड पंचवीस किलोचा रेटा सोसत असते, आर्मचं स्वतःचं वजन वेगळंच. दोन मॉनिटर एका क्लॅम्पवर असतील तर दुप्पट. आणि आमच्याकडं त्यात मागाच्या ठोक्यांची भर. त्यामुळं आर्म कुठल्या कंपनीचा हे नंतर, आधी टेबल कशाचं ते बघा. भरीव लाकूड किंवा निदान २५ मिलीमीटर जाडीचा प्लाय असेल तर चिंता नाही. पार्टिकल बोर्डच असेल तर वर आणि खाली लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या घालूनच आवळा, म्हणजे रेटा मोठ्या जागेवर पसरतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावायचा विचारही करू नका.

मी शेवटी वडिलांचं टेबल घेतलं. सागवानी, वरची फळी तीन सेंटिमीटर जाड. याच टेबलावर ते चौकटीच्या कागदावर ब्रशनं एकेक घर रंगवून चादरीची डिझाइनं काढायचे. मग त्यावरून पंचकार्डं कापली जायची, दोऱ्यानं शिवून मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढायची. लाकूड उत्तम, पण फळीच्या खाली चारी बाजूंनी चार इंची पट्टी, आणि फळी त्या पट्टीच्या बाहेर जेमतेम एक इंच आलेली. जबड्याला तेवढी जागा पुरत नाही, आणि पट्टीसकट धरायला गेलं तर जाडी तेरा सेंटिमीटर होते. बहुतेक क्लॅम्प आठ-साडेआठ सेंटिमीटरपर्यंतच उघडतात. दुसरा मार्ग म्हणजे फळीला आरपार भोक पाडून बोल्टनं आर्म बसवायचा. ड्रिल मशीन हातात बघूनच वडील म्हणाले, "आधी मला भोक पाड, मग टेबलाला."

तोडगा सुतारमामांनी काढला. १८ मिलीमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ मिलीमीटरची फळी केली, चार फूट लांब, सहा इंच रुंद. ती टेबलाच्या मागच्या बाजूला, वरच्या फळीच्या सपाटीला लावून बसवली. नुसत्या पट्टीत स्क्रू मारून भागणार नाही, कारण सगळा रेटा या फळीवर येणार. म्हणून खालून तीन लोखंडी अँगल, त्यांतले दोन थेट टेबलाच्या पायांना बोल्टनं आवळलेले. भोकं पडली ती मागच्या बाजूला, दिसत नाहीत, त्यामुळं घरात शांतता राहिली. शिवाय एक फायदा न मागता मिळाला. आर्मचे खांब टेबलाच्या मागं गेले आणि मॉनिटर डोळ्यांपासून आणखी सहा इंच लांब ठेवता आले. टेबल मात्र भिंतीपासून फूटभर पुढं आणावं लागलं. आर्म दुमडला की त्याचं कोपर मागं जातं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता मॉनिटरकडं. पाठीमागं चार भोकांचा चौकोन असतो, त्याला व्हेसा म्हणतात. टेप लावून मोजा. उभंआडवं ७५ किंवा १०० मिलीमीटर असेल तर बहुतेक कुठलाही आर्म चालतो. काही बारीक मॉनिटरना ही भोकं नसतातच, त्यांच्यासाठी वेगळ्या पकडी मिळतात, पण माझं मत विचाराल तर त्यात पडू नका.

मग वजन. माहितीपत्रकात दोन आकडे असतात, पायासकट आणि पायाशिवाय. आपल्याला पायाशिवायचा हवा. जुन्या मॉनिटरचा कागद सापडेना, तेव्हा मी तो खाली नेऊन अण्णांच्या सूत जोखायच्या काट्यावर ठेवला. ३ किलो ६०० ग्रॅम. अण्णा म्हणाले, "काय वो, हे कितव्या काउंटचं?" काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. नवा २४ इंची ३ किलो १००, आणि २७ इंची ४ किलो ३०० भरला.

वजन का मोजायचं? गॅस स्प्रिंगचा, म्हणजे गॅसच्या दाबावर मॉनिटर तोलून धरणारा आर्म ठराविक वजनासाठीच असतो, आणि त्याला खालचीही मर्यादा असते. २ ते ९ किलो असं लिहिलेलं असेल आणि मॉनिटर दीड किलोचा असेल, तर तो सारखा वर छताकडं पळतो. दुसरा प्रकार साध्या खांबाचा. त्यात उंची खांबावरची कडी ढिली करून ठरवायची, पाना लावून आवळायची, विषय संपला. रोज वरखाली करायचं नसेल तर हाच स्वस्त आणि स्थिर. मी मधल्या मॉनिटरला गॅस स्प्रिंग घेतला, कारण कधी उभं राहून काम करतो. बाजूच्या दोघांना साधे खांब. तिन्ही एकाच खांबावर टांगायचा स्टँडही मिळतो, पण आमच्या हलत्या घरात तीन वेगळे क्लॅम्पच बरे. नवी पेठेत दुकानदार आधी मोठा गॅसवाला दाखवतात. त्यांना मॉनिटरचं वजन सांगा आणि क्लॅम्प किती उघडतो ते समोर मोजून घ्या.

क्लॅम्प बसवताना प्लायला ओरखडे पडू नयेत म्हणून मी जबड्यात चादरीचा तुकडा घातला. सोलापुरी माणसाला दुसरं काय सुचणार! आठ दिवसांत कापड दबलं आणि क्लॅम्प ढिला झाला. कापड, फोम, असलं दबणारं काही जबड्यात नको. आता खालच्या चकतीखाली ६ मिलीमीटर प्लायचा तळहाताएवढा तुकडा आहे आणि वर पातळ कडक रबर. आवळून झाल्यावर खांब दोन्ही हातांनी धरून हलवा. फळी आणि खांब एकत्र हलले पाहिजेत. खांब एकटा हलला तर अजून आवळा. आठवड्यानं परत एकदा पाना लावा, पहिल्या आठवड्यात थोडं सैल पडतंच.

चादरीचा खरा उपयोग पुढच्या कामाला. ती दुहेरी घडी करून पलंगावर अंथरा आणि मॉनिटर त्यावर पालथा ठेवा. पाया काढा. आर्मच्या टोकाची पाटी बहुतेक आर्ममध्ये सुटी निघते, ती आधी मॉनिटरला लावायची. स्क्रू एम४ जातीचे, साधारण १० ते १२ मिलीमीटर लांब. चारही आधी हातानं दोन-दोन फेरे बसवा, मग समोरासमोरचे आवळा. भोकं खोल खड्ड्यात असतील तर सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या घालून लांब स्क्रू वापरा. पण नळीशिवाय लांब स्क्रू कधीही घालू नका, टोक आत जाऊन पॅनेलला लागतं. स्क्रू जड फिरायला लागला की थांबायचं.

मॉनिटर आर्मवर चढवताना दुसरा माणूस हवाच. चढल्यावर गॅसवाला आर्म आडवा धरा आणि हळूच हात काढा. खाली गेला तर आर्मचा स्क्रू ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, प्लसच्या दिशेला फिरवा, वर गेला तर मायनसच्या दिशेला. सोडाल तिथं थांबला की झालं. यात एक धोका आहे. मॉनिटर काढायचा असेल तेव्हा आर्म आधी अगदी वरपर्यंत नेऊन मगच सोडवा. मी तो खाली असतानाच सोडवला. मोकळा झालेला आर्म सापळ्यासारखा उसळला आणि माझ्या हनुवटीजवळून वर गेला. चहाचा कप मात्र त्याच्या वाटेत होता.

आता थरथर. आर्म जितका लांब ताणलेला, तितका शेवटचा मॉनिटर जास्त हलतो. म्हणून खांब असे ठेवा की रोजच्या जागेवर आर्म निम्मा दुमडलेला असेल. क्लॅम्प दोन पायांच्या मधोमध न लावता शक्य तितका पायाजवळ लावा. आमच्या खोलीत मधोमध स्लॅब सगळ्यात जास्त हलतो, बीमवर सगळ्यात कमी. पेलाभर पाणी फरशीवर जागोजाग ठेवून त्यातल्या लाटा बघितल्या आणि टेबल बीमवर सरकवलं. पायांखाली जाड रबराच्या चकत्या घातल्या. एवढं केल्यावर मधला मॉनिटर स्थिर दिसतो. उभा अजून किंचित हलतो, पण वाचता येतं.

उंचीचं गणित बसूनच करा, पाठ टेकून. मधल्या मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली, अंतर हातभर. उभ्या मॉनिटरनं मला फसवलं. त्याची उंची ५४ सेंटिमीटर, त्यामुळं त्याचा मध्य मधल्याच्या मध्याशी जुळवला तर खालची कड थेट टेबलाला टेकते. म्हणून तो तीन सेंटिमीटर वर घेतला, आणि अगदी वरच्या भागात क्वचित बघायच्या गोष्टी ठेवतो. बाजूचे दोन्ही आतल्या बाजूला वळवा, डोकं फिरवलं की पडदा समोर यायला हवा. उभा करायचा मॉनिटर आयपीएस पॅनेलचाच घ्या. स्वस्तातल्या टीएन पॅनेलवर, उभं केलं की डाव्या डोळ्याला एक रंग दिसतो आणि उजव्याला दुसरा. मरून रंगाचं सूत विटकरी समजून पाठवलं तर व्यापारी काय बोलेल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

केबल बांधायच्या आधी प्रत्येक आर्म पूर्ण ताणून, पूर्ण दुमडून, वरखाली करून बघा, आणि लागेल तेवढी ढील कोपरांपाशी ठेवा. उभ्या मॉनिटरची केबल तो फिरवून झाल्यावरच मोजा. मग विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग उघडा, तिन्ही चौकोन टेबलावर आहेत त्याच क्रमानं आणि उंचीला ओढून ठेवा, उजव्याची दिशा पोर्ट्रेट, म्हणजे उभी, करा. चौकोन वरखाली राहिले तर माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतो.

आमच्या घरात सुताचे बारीक तंतू सगळीकडं उडतात. सांध्यांना तेल लावू नका, तंतू चिकटून काळा गोळा होतो. महिन्यातून एकदा कोरडा ब्रश पुरे.

आणि उन्हाळा. मधला आर्म मी गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास लावला होता, जानेवारीत. एप्रिल संपता संपता तो हात सोडला की आपोआप वर सरकायला लागला. बिघडला समजून दुकानात न्यायला निघालो होतो. मग लक्षात आलं की आत गॅस कोंडलेला आहे आणि गॅस तापला की दाब वाढतो. दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली बेचाळीस अंशांची दुपार यांत आर्मचा जोर सात-आठ टक्क्यांनी सहज वाढतो. आता ॲलन की एका दोऱ्यानं खांबालाच बांधलीय, आणि फळीच्या खालच्या बाजूला सुतारमामांच्या पेन्सिलनं लिहून ठेवलंय : उन्हाळ्यात अडीच फेरे मायनस, गड्ड्याआधी अडीच फेरे प्लस.