१८९० वाल्या लँड-ग्रँट युनिव्हर्सिटीला अर्ज करताय? आधी तिचं मिशन नीट समजून घ्या

आपल्याकडची बीएससी ॲग्री झालेली मुलं एमएससाठी अमेरिकेतली कॉलेजं शोधतात तेव्हा नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी, प्रेअरी व्ह्यू, लँगस्टन, अल्कॉर्न अशी नावं समोर येतात, आणि मग एसओपी (अर्जासोबतचा 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' निबंध) लिहायला बसलं की वेबसाइटवरचं मिशन स्टेटमेंट उघडायचं, त्यातले चार भारदस्त शब्द उचलायचे आणि आपल्या निबंधात चिकटवायचे असा प्रकार चालतो. प्लीज असं करू नका. ते स्टेटमेंट कुठल्याही युनिव्हर्सिटीचं उघडा, भाषा साधारण तीच असते. या कॉलेजांचं मिशन खरं कळतं ते ज्या कायद्यातून ती उभी राहिली तिथे, त्यांच्या पैशाच्या हिशोबात, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या एक्सटेन्शनच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान नेण्याच्या विस्ताराच्या कामात.

आधी कायदा बघा. १८६२ मध्ये लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली, त्यात अमेरिकन काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर या हिशोबाने राज्यांना सरकारी जमीन मिळाली, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती, म्हणून ही 'लँड-ग्रँट' कॉलेजं. ही जमीन मूळची तिथल्या आदिवासी जमातींची, त्यांच्याकडून काढून घेतलेली, हे पण लक्षात असू द्या. दक्षिणेत या कॉलेजांमध्ये काळ्या मुलांना प्रवेशच नव्हता. म्हणून १८९० मध्ये दुसरा मॉरिल कायदा आला की एकतर त्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज ठेवा आणि पैसा न्याय्य वाटून द्या. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं कॉलेज हाच रस्ता धरला, आणि आज ज्यांना '१८९० इन्स्टिट्यूशन्स' म्हणतात ती १९ कॉलेजं त्या कायद्याच्या छत्राखाली येतात. सगळी त्याच साली निघालेली नाहीत हं, अल्कॉर्न १८७१ चं आहे आणि त्याचे पहिले प्रेसिडेंट हायरम रेव्हल्स, म्हणजे अमेरिकन सिनेटमधले पहिले काळे सदस्य. आता प्रवेश सगळ्यांना खुला आहे, तुम्ही बिनधास्त अर्ज करू शकता, पण ज्या समाजाला दार बंद होतं त्याच्यासाठी हे उभं राहिलं ही गोष्ट मिशनमधून वजा करता येत नाही.

मग पैसा. कायद्यात न्याय्य वाटणी लिहिली होती, प्रत्यक्षात झाली नाही. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने एक्सटेन्शनसाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा पैसा सुरू झाला तो दक्षिणेत गोऱ्यांच्या कॉलेजांच्या हातात गेला. संशोधनासाठी या कॉलेजांना नियमित फेडरल निधी देणारा इव्हान्स-ॲलन कार्यक्रम यायला १९७७ उजाडलं. फेडरल पैशाइतकाच पैसा राज्याने घालायचा असा नियम आहे, पण १८९० वाल्यांच्या बाबतीत राज्यांना त्यातून अर्धी सूट मागता येते आणि कित्येक राज्यं वर्षानुवर्षं ती मागत आली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली, की १९८७ ते २०२० या काळात या कॉलेजांना मिळून १२ अब्ज डॉलरच्या वर कमी मिळाले, त्यात टेनेसी स्टेट आणि नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या दोघांचेच प्रत्येकी दोन अब्जांच्या वर. तेव्हा शेजारच्या १८६२ वाल्या कॉलेजची चकाचक लॅब बघून इकडचं काम कमी दर्जाचं असं समजू नका, इतक्या कमी पैशात त्यांनी काय काय उभं केलंय ते बघा.

आता एक्सटेन्शन, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्या कृषी विद्यापीठांची शिक्षण-संशोधन-विस्तार ही रचना लँड-ग्रँट मॉडेलवरूनच आलीय, त्यामुळे राहुरी-अकोल्याच्या मुलाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कार्व्हर आपल्याकडे घराघरात माहिती आहेत, पण १९०६ मध्ये ते शिकवत त्या टस्कीगी कॉलेजहून त्यांच्या कल्पनेतली एक घोडागाडी अवजारं, बियाणं घेऊन गावोगाव फिरायला लागली आणि ती चालवणारे थॉमस कॅम्पबेल हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले काळे विस्तार कर्मचारी झाले, हे कमी लोकांना माहिती असतं. टस्कीगी खासगी आहे, तरी याच १९ मध्ये मोडतं. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाही ना, मग कॉलेजने शेतावर जायचं, आणि हेच काम आजही चालू आहे. लँगस्टनला शेळी संशोधन संस्था आहे, अर्कान्सासच्या पाइन ब्लफला मत्स्यपालनाचं मोठं केंद्र आहे, नॉर्थ कॅरोलिनात ए अँड टी आणि तिथलं १८६२ वालं कॉलेज एनसी स्टेट मिळून राज्यातल्या १०० च्या १०० काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या) विस्तार चालवतात. मृत्युपत्र न करता आजोबा गेले, वारस वाढत गेले, जमिनीचे कागद कोणाच्याच एकट्याच्या नावावर नाहीत आणि म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, या भानगडीत काळ्या शेतकऱ्यांची अफाट जमीन हातची गेली, आणि या कॉलेजांचे विस्तारवाले त्यावरही शेतकऱ्यांना मदत करतात. सातबाऱ्यावर वारसनोंद रखडलेल्या घरातल्या मुलाला हे वाचून लगेच कळेल.

हे सगळं वाचून झालं की मगच एसओपी. 'मला आपल्या मिशनने प्रेरणा दिली' हे वाक्य नकोच. तुम्ही कुठल्या शेतकऱ्यासाठी काम करणार ते लिहा, म्हणजे समजा तुमचा विषय शेळीपालन असेल तर दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचा नेमका कुठला प्रश्न तुम्हाला सोडवायचाय, आणि त्यांच्या कुठल्या प्रोजेक्टशी तो जुळतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं हे मनापासून लिहायचं असेल तर जरूर लिहा, आपला हा धागा खरा आहे, पण एका वाक्यात, आणि लगेच कामावर या.

प्रोफेसरला मेल करताना त्यांचा एखादा पेपर तरी पूर्ण वाचलेला असू द्या. प्रोजेक्टचा पैसा इव्हान्स-ॲलनचा आहे का, त्यातून परदेशी विद्यार्थ्याला असिस्टंटशिप (कामाच्या बदल्यात मिळणारा पैसा) मिळते का, हे सरळ विचारा, त्यात गैर काही नाही. कृषी खात्याची '१८९० स्कॉलर्स' स्कॉलरशिप फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, तिच्या भरवशावर बजेट आखू नका. आणि एक प्रश्न नक्की टाका, की तुमच्या रिसर्चचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत कोण नेतं आणि विद्यार्थ्याला त्यांच्यासोबत फील्डवर जाता येतं का. उत्तर तपशिलात आलं तर तिथे अर्ज करा.